विहीर असलेल्या घराचा व्यवहार : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाची आहेत. स्वतःची विहीर किंवा बोअर असलेले घर घेताना अथवा विकताना पाण्याची तपासणी कशी करावी आणि विहिरीची निगा कशी राखावी, असे वाचक विचारतात. नळाने येणाऱ्या सार्वजनिक पाण्यावर पुरवठा करणाऱ्या यंत्रणेची काही ना काही देखरेख असते. खासगी विहिरीच्या पाण्याची जबाबदारी मात्र सर्वसाधारणपणे मालकावरच असते, आणि घर विकले की ती घराबरोबर नव्या मालकाकडे जाते. निवडक पत्रे संक्षिप्त करून त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आम्ही विहीर असलेले एक जुने घर घेण्याच्या विचारात आहोत. पाणी नितळ आहे, चवीलाही गोड आहे. मालकांनी गेल्या वर्षीचा तपासणी अहवाल दाखवला. त्यात सर्व घटक मर्यादेत आहेत. आमच्यासमोर टीडीएस मीटर बुडवून त्यांनी १८० हा आकडाही दाखवला. एवढ्यावर विसंबून व्यवहार करावा का?

उत्तर : इतक्यात करू नये. मालकांनी सांगितलेले सगळे खरे असेल, तरीही पाणी पिण्यायोग्य आहे असे त्यावरून ठरत नाही.

नितळपणा आणि चव यांवरून रोगजंतूंचा किंवा विषारी घटकांचा पत्ता लागत नाही. बांगलादेशात उघड्यावरच्या दूषित पाण्यापासून लोकांची सुटका व्हावी म्हणून १९७०च्या दशकापासून मोठ्या संख्येने कूपनलिका खोदण्यात आल्या. त्यांच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे १९९३ मध्ये निष्पन्न झाले; तोवर लोक ते स्वच्छ दिसणारे पाणी वर्षानुवर्षे पीत होते. पुढे तपासणी करून सुरक्षित कूपनलिका हिरव्या आणि दूषित कूपनलिका लाल रंगाने रंगवण्यात आल्या, तेव्हा एकाच वस्तीत थोड्या अंतरावर दोन्ही रंग दिसू लागले. शेजारच्या घरी पाणी चांगले लागले आहे, तेव्हा इथेही चांगलेच असणार, हा खरेदीच्या वेळी हमखास ऐकू येणारा युक्तिवाद म्हणूनच ग्राह्य धरता येत नाही.

टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. आकडा १८० आला याचा अर्थ पाण्यात क्षार कमी आहेत, एवढाच. त्या पाण्यात आर्सेनिक मर्यादेच्या पाचपट असले, तरी मीटरवरचा आकडा जाणवण्याइतका हलणार नाही, आणि जंतू तर या उपकरणाला दिसतच नाहीत. मीटर वाईट नव्हे. पण व्यवहाराच्या वेळी तो पुढे केला जातो, तेव्हा त्याच्याकडून अपेक्षा जरा जास्तच ठेवली जाते.

राहिला गेल्या वर्षीचा अहवाल. तो हाती घेतल्यावर आधी नमुन्याची तारीख पाहावी. भर उन्हाळ्यात, भूजल खोल गेलेले असताना घेतलेला नमुना आणि मुसळधार पावसानंतर आठवड्याभरात घेतलेला नमुना यांत एकाच विहिरीचे चित्र पार वेगळे दिसू शकते. त्यानंतर नमुना कोणी काढला आणि कोठून काढला, हे विचारावे. मालकाने स्वतः बाटली भरून प्रयोगशाळेत पोहोचवली असेल, तर प्रयोगशाळा फक्त त्या बाटलीतल्या पाण्याबद्दल सांगते. ते पाणी याच विहिरीचे होते याची हमी ती देत नाही. नमुना स्वयंपाकघरातल्या शुद्धीकरण यंत्राच्या तोटीतून घेतला असेल, तर तो अहवाल यंत्राचा झाला, विहिरीचा नाही. शेवटी, कोणकोणते घटक तपासले ते पाहावे. ‘सर्व काही मर्यादेत’ या शब्दांत जे तपासलेच नाही ते येत नाही.

अहवाल वाचून झाल्यावर विहिरीभोवती एक फेरी मारावी. कठडा पुरेसा उंच आहे का, भोवतालच्या फरसबंदीला भेगा पडल्या आहेत का, सांडलेले पाणी बाहेरच्या बाजूला वाहते की पुन्हा विहिरीकडेच मुरते, आतल्या बांधकामातून झाडांची मुळे डोकावतात का आणि पाण्याच्या पातळीच्या वर भिंतीवर ओल्या, काळपट रेघा उतरलेल्या आहेत का, हे नीट पाहावे. अशा रेघा दिसल्या, तर वरचे पाणी जमिनीतून न गाळता थेट आत उतरत आहे असे समजावे. शौचालयाची टाकी आणि शोषखड्डा विहिरीपासून किती दूर आणि चढाच्या बाजूला आहेत की उताराच्या, हेही मोजून पाहावे. १५ मीटर हे अगदी किमान अंतर मानले जाते, ३० मीटर असेल तर बरे, आणि भेगाळलेल्या खडकात तेही अपुरे पडू शकते.

उथळ विहीर, जवळचे शेत आणि जोराचा पाऊस एकत्र आले की काय होते, ते कॅनडातील वॉकर्टन गावात मे २००० मध्ये दिसले. पावसाबरोबर शेणखतातले जंतू गावाला पाणी पुरवणाऱ्या एका उथळ विहिरीत उतरले, क्लोरीनची मात्रा अपुरी पडली, सुमारे २,३०० लोक आजारी झाले आणि ७ जण दगावले. तिथे तर देखरेखीसाठी माणसे नेमलेली होती. तपासणीचा अहवाल त्या एका दिवसाची हकिकत सांगतो; विहिरीचे बांधकाम आणि तिचा परिसर पुढच्या पावसाळ्यात काय होण्याचा संभव आहे ते सांगतो. निर्णय घेताना दोन्ही हवेत, आणि माझ्या मते दुसऱ्या गोष्टीचे वजन किंचित जास्त आहे.

प्रश्न : प्रयोगशाळेच्या यादीत चाळीसहून अधिक घटक आहेत. घर घेणाऱ्याने त्यांतले नेमके कोणते निवडावेत?

उत्तर : कुठल्याही विहिरीसाठी एकूण कोलिफॉर्म व ई. कोलाय हे जंतू, नायट्रेट, सामू म्हणजे पीएच, गढूळपणा, एकूण विरघळलेले क्षार, कठीणपणा, लोह आणि मँगनीज एवढ्या तपासण्या कराव्यातच. त्यांच्या जोडीला फ्लोराइड आणि आर्सेनिक निदान एकदा, म्हणजे खरेदीच्या वेळी, तपासून घ्यावे, कारण हे घटक खडकातून येतात आणि त्यांचा मागमूस रंगावरून किंवा वासावरून लागत नाही. ग्रॅनाइटसारख्या खडकाच्या प्रदेशात युरेनियमही तपासावे. घराची नळजोडणी जुनी असेल किंवा सामू ६.५ च्या खाली असेल, तर शिसे आणि तांबे यांची तपासणी करावी, कारण आम्लधर्मी पाणी नळांतला धातू विरघळवून घेते. कीटकनाशके व पेट्रोलजन्य पदार्थ यांची तपासणी खर्चिक असते. शेजारी फवारणीचे शेत, जुना इंधनपंप किंवा कारखाना असेल, तरच ती मागावी.

आकडे वाचताना दोन ठिकाणी चांगली जाणती माणसेही फसतात. पहिले ठिकाण नायट्रेटचे. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा नायट्रेट म्हणून मोजल्यास लिटरला ५० मिलिग्रॅम आहे, पण काही प्रयोगशाळा हाच घटक ‘नायट्रेट-नायट्रोजन’ म्हणून नोंदवतात आणि तेव्हा मर्यादा ११ च्या आसपास येते. अहवालात १८ हा आकडा असला आणि तो नायट्रोजनच्या रूपातला असला, तर त्याला ४.४३ ने गुणल्यावर जवळजवळ ८० होतात. म्हणजे निर्धास्त वाटणारे पाणी मर्यादेबाहेरचे निघते. हा फरक तान्ह्या बाळांच्या बाबतीत जिवावर बेतू शकतो. नायट्रेटमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते आणि बाळ निळसर पडते. विहिरीच्या पाण्याशी असलेला या आजाराचा संबंध १९४५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातले डॉक्टर हंटर कॉमली यांनी प्रथम मांडला. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट वाफ निघून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते.

दुसरे ठिकाण ‘आढळले नाही’ या शेऱ्याचे. आर्सेनिकची मार्गदर्शक मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. तपासणीची पद्धतच ०.०५ च्या खालचे प्रमाण ओळखू शकत नसेल, तर ‘आढळले नाही’ या शेऱ्याला काही किंमत राहत नाही. पद्धतीची किमान शोधमर्यादा किती आहे हे प्रयोगशाळेला विचारावे. चांगली प्रयोगशाळा ती अहवालात स्वतःहून छापते. फ्लोराइडची मार्गदर्शक मर्यादा १.५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त फ्लोराइड दीर्घकाळ पोटात गेले तर दातांवर डाग पडतात, आणि प्रमाण बरेच अधिक असेल तर हाडांवर परिणाम होतो. ई. कोलायच्या बाबतीत तडजोडीला जागा नाही. १०० मिलिलिटर पाण्यात तो एकही असता कामा नये.

प्रश्न : पाण्याचा नमुना नेमका कसा घ्यावा? माझ्या दोन नमुन्यांचे निकाल परस्परविरुद्ध आले.

उत्तर : निकाल परस्परविरुद्ध येण्याचे कारण प्रयोगशाळेपेक्षा बहुतेक वेळा नमुना घेण्याच्या पद्धतीत सापडते.

जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच वापरावी. तिच्या तळाशी पांढरी पूड किंवा थेंबभर द्रव दिसला तर घाण समजून बाटली विसळू नये. तो सोडियम थायोसल्फेट असतो आणि पाण्यातल्या उरलेल्या क्लोरीनचे कार्य थांबवण्यासाठी मुद्दाम घातलेला असतो. विहिरीच्या सर्वांत जवळची, शुद्धीकरण यंत्राच्या आणि साठवण टाकीच्या आधीची धातूची तोटी निवडावी. तिच्या तोंडाची जाळी काढावी, तोंड स्पिरिटने पुसावे किंवा ज्योतीने तापवावे आणि पाणी निदान पाच मिनिटे वाहू द्यावे. झाकण जमिनीवर न ठेवता, आतल्या बाजूला बोट न लावता हातातच धरावे. बाटली खुणेपर्यंत भरावी, वर थोडी हवा राहू द्यावी, आणि लगेच बर्फाच्या डब्यात ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावी. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत दिवसभर राहिलेल्या बाटलीचा निकाल वाचण्यात अर्थ नसतो.

शिशाच्या तपासणीची रीत याच्या नेमकी उलट आहे. त्यासाठी किमान सहा तास नळात थांबलेले पाणी सकाळी पहिल्या धारेलाच, अजिबात वाहू न देता धरायचे असते. एकाच वेळी एकाच पद्धतीने सगळे नमुने भरले, तर यांतला एक तरी चुकीचा ठरणारच.

जमल्यास जंतूंसाठी दोन नमुने द्यावेत, एक विहिरीजवळचा आणि एक स्वयंपाकघरातला. विहिरीचा शुद्ध आणि घरातला दूषित निघाला तर दोष टाकीत किंवा नळात आहे आणि तो काढणे तुलनेने सोपे आहे. दोन्ही दूषित असतील तर विहिरीकडेच वळावे लागेल.

प्रश्न : मी घर विकत आहे. पाण्यात कोलिफॉर्म निघाले. मध्यस्थांचे म्हणणे असे, की विहिरीत भरपूर ब्लीचिंग पावडर टाकून दोन दिवसांनी पुन्हा नमुना द्यावा, म्हणजे स्वच्छ अहवाल हाती येईल. हे योग्य आहे का?

उत्तर : अहवाल स्वच्छ येईल यात शंका नाही, पण तो टिकणार नाही. क्लोरीनचा अंश पाण्यात असताना घेतलेल्या नमुन्यात जंतू सापडत नाहीत, कारण ते बाटलीत येण्यापूर्वीच मेलेले असतात. बाहेरून आत येण्याची वाट बुजली नसेल, तर काही आठवड्यांत ते पुन्हा हजर होतात. तोवर घर विकले गेले असेल आणि नव्या मालकाच्या घरात कोणी आजारी पडले असेल, तर प्रश्न पाण्यापुरता राहत नाही. माहिती असून दडवल्याचा आरोप आपल्यावर येऊ शकतो. खरेदीदारांनीही एक खबरदारी घ्यावी. नमुना घेताना त्याच तोटीचे पाणी वेगळ्या ग्लासात घेऊन क्लोरीन तपासण्याच्या साध्या संचाने पाहावे. डीपीडी गोळी टाकल्यावर पाणी गुलाबी झाले, तर विहिरीत अलीकडेच औषध पडले आहे असे समजून नमुना पुढे ढकलावा.

आपल्यासाठी सरळ मार्ग असा आहे. नुसते कोलिफॉर्म सापडले आणि ई. कोलाय नसला, तर पाण्यात विष्ठा मिसळली आहे असे लगेच म्हणता येत नाही. मातीतले, पालापाचोळ्यातले कोलिफॉर्मही असतात. पण वरचे पाणी आत जात आहे, एवढे त्यावरून नक्की कळते. तेव्हा आधी वाट शोधावी. फरसबंदीच्या भेगा, कठड्याचे ढिले दगड, उघडे तोंड, पोहऱ्याचा जमिनीवर लोळणारा दोर, बोअर असेल तर केसिंगच्या, म्हणजे बोअरमध्ये बसवलेल्या बाहेरच्या पाइपच्या, तोंडाचे तडकलेले झाकण किंवा वायर आत जाते तिथले मोकळे भोक, यांपैकी काही ना काही बहुधा सापडतेच. ते दुरुस्त करावे आणि मगच निर्जंतुकीकरण करावे.

मात्रा अंदाजाने न टाकता हिशेबाने काढावी. समजा, विहिरीचा व्यास ३ मीटर आहे आणि पाणी ४ मीटर खोल आहे. त्रिज्या दीड मीटर. तिचा वर्ग २.२५, त्याला ३.१४ ने आणि मग ४ ने गुणले की सुमारे २८ घनमीटर, म्हणजे २८,००० लिटर पाणी होते. दुरुस्तीनंतरच्या निर्जंतुकीकरणासाठी लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन धरल्यास १.४ किलो क्लोरीन लागेल. ताज्या ब्लीचिंग पावडरीत ते साधारण ३० टक्के असते, म्हणून पावडर सुमारे पावणेपाच किलो. उघड्या पोत्यात महिनोन्‌महिने पडलेल्या पावडरीचा जोर निघून गेलेला असतो, त्यामुळे तिच्यावर हा हिशेब लावू नये. पावडर थोडी थोडी करून प्लास्टिकच्या बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळी विहिरीत सोडावी. मग पंप लावून घरातली प्रत्येक तोटी क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडावी, म्हणजे नळही धुऊन निघतील. शुद्धीकरण यंत्र आधी वेगळे काढून ठेवावे. १२ ते २४ तास कोणीही ते पाणी वापरू नये. त्यानंतर वास जाईपर्यंत उपसा करावा, आणि ते पाणी झाडांच्या मुळाशी, मैलाटाकीत किंवा ओढ्यात सोडू नये. पाण्यात लोह असेल तर या काळात ते तांबडे दिसते. पाण्यात विरघळलेले लोह क्लोरीनमुळे साक्यासारखे बाहेर पडते, एवढेच त्याचे कारण आहे.

बोअरमध्ये पावडर टाकू नये, तिच्या चुन्याने झरे बुजू शकतात. तिथे सोडियम हायपोक्लोराइट हे द्रव वापरावे. १५ सेंटिमीटर व्यासाच्या बोअरमध्ये दर मीटरला जवळपास १८ लिटर पाणी असते. ६० मीटर पाणी उभे असेल तर ते हजार लिटरच्या थोडे वर जाते आणि ५ टक्के तीव्रतेचे हायपोक्लोराइट सुमारे एक लिटर पुरते. पावडर किंवा हायपोक्लोराइट कोणत्याही आम्लात किंवा संडास धुण्याच्या द्रवात मिसळू नये. त्यातून विषारी वायू सुटतो.

क्लोरीनचा अंश पूर्ण गेल्यानंतर आठदहा दिवसांनी, शक्य तर खरेदीदाराच्या उपस्थितीत, नवा नमुना द्यावा. जुना अहवाल, दुरुस्तीची पावती आणि नवा अहवाल एकत्र द्यावेत. लपवाछपवी करणाऱ्या विक्रेत्यापेक्षा दोष सांगून दुरुस्ती दाखवणाऱ्या विक्रेत्यावर खरेदीदाराचा भरवसा लवकर बसतो.

प्रश्न : घरातल्या बोअरला पाणी पुरेल की नाही हे कसे ओळखावे? मालकांनी पंप सुरू करून दाखवला, धार जोरदार होती.

उत्तर : पंप किती वेळ चालवला, हे आपण लिहिलेले नाही आणि सगळा प्रश्न तिथेच आहे. वर सांगितलेल्या बोअरमध्ये हजार लिटर पाणी आयतेच उभे असते. २० लिटरची बादली ४० सेकंदांत भरत असेल, तर उपसा मिनिटाला ३० लिटरचा झाला; म्हणजे पहिला अर्धा तास आपण नुसते साठलेले पाणी पाहत असतो. खडकातून नवे पाणी किती येते हे कळायला त्यापुढे पंप चालवावा लागतो.

म्हणून आदल्या रात्रीपासून उपसा बंद ठेवून सकाळी पाण्याची स्थिर पातळी मोजावी, पंप सलग निदान चार तास चालवावा आणि दर अर्ध्या तासाने बादली व घड्याळ लावून धार व पातळी दोन्ही नोंदवावी. पातळी काही काळाने एका ठिकाणी ठरली तर बोअर तेवढा उपसा सोसते. ती घसरतच राहिली, धारेत हवा किंवा गाळ येऊ लागला, तर पंप बंद करावा आणि पातळी परत येण्यास किती वेळ लागतो ते पाहावे. ही चाचणी कोरड्या हंगामाच्या शेवटी केल्यास सर्वांत खरी ठरते. व्यवहार इतर महिन्यांत होत असेल, तर उन्हाळ्यात पंपाचा पाइप कधी वाढवावा लागला का, हे मालकांना आणि पंप दुरुस्त करणाऱ्या कारागिराला विचारावे.

विहिरीसाठी रीत आणखी सोपी आहे. ३ मीटर व्यासाच्या विहिरीतले पाणी उपसून खाली न्यावे आणि दोन तासांत ते किती चढते ते पाहावे. अर्धा मीटर चढले, तर साडेतीन घनमीटर पाणी आले. तासाला साधारण १,७५० लिटर. पाच माणसांच्या घराला दिवसाला सातआठशे लिटर पाणी लागते असे धरले, तर ही विहीर निवांत पुरेल. मिनिटाला तीनच लिटर देणारी बोअरही चोवीस तासांत चार हजार लिटरच्या वर पाणी देते. तिला मोठी साठवण टाकी आणि थांबून थांबून चालणारा पंप लागतो, इतकेच. कमी धारेचे घर लगेच नाकारण्याचे कारण नाही; टाकीचा खर्च किमतीत धरावा.

प्रश्न : घरात आरओ आणि यूव्ही असलेले यंत्र आहे. तरीही विहिरीची तपासणी हवी का?

उत्तर : हवी. यंत्र कोणते बसवायचे हेच तपासणीवरून ठरते. यूव्ही जंतू मारते, पण गढूळ पाण्यात तिचा प्रकाश सगळीकडे पोहोचत नाही. कोळशाचा फिल्टर वास आणि काही सेंद्रिय द्रव्ये घेतो, नायट्रेट घेत नाही. कठीण पाणी मऊ करणारे यंत्र कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या जागी सोडियम सोडते, आर्सेनिकला हात लावत नाही. आरओ नायट्रेट व फ्लोराइड बरेचसे कमी करते, आर्सेनिकही कमी करते, परंतु भूजलात आढळणाऱ्या आर्सेनिकच्या एका रूपावर त्याचा परिणाम मर्यादित असतो. शिवाय आरओमधला पाणी गाळणारा पडदा जुना झाला की हे सगळे दावे कागदावरच राहतात.

प्रश्न : विहीर नियमितपणे कशी राखावी? गाळ काढण्यासाठी माणूस उतरवणे सुरक्षित आहे का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देणे भाग आहे. पंपसेटची मोटर डिझेलवर किंवा पेट्रोलवर चालत असेल, तर ती विहिरीत किंवा कडेला ठेवून कोणालाही खाली उतरवू नये. तिच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू खाली भरतो, त्याला वास नसतो आणि उतरलेला माणूस काही मिनिटांत कोसळतो. वापरात नसलेल्या विहिरीत प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असण्याचाही धोका असतो. पेटता दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत पुरेशी नाही, कारण विषारी वायू असतानाही दिवा जळत राहू शकतो. पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसरा आणि तिसराही दगावल्याच्या घटना सतत घडतात. वायुमापक, सुरक्षापट्टा, वर खेचण्याची सोय आणि प्रशिक्षित पथक नसेल, तर गाळ तसाच राहू द्यावा.

बाकी निगा फारशी अवघड नाही. जंतू आणि नायट्रेट यांची तपासणी दरवर्षी पावसाळ्याच्या जोरात किंवा तो संपताच करावी. खडकातून येणारे घटक तीन ते पाच वर्षांतून एकदा पाहिले तरी चालते. चव, रंग किंवा वास अचानक बदलला, विहिरीवरून पुराचे पाणी गेले, पंप किंवा पाइप वर काढून पुन्हा बसवला, अथवा घरात तान्हे बाळ येणार असेल, तर वर्ष पुरे होण्याची वाट पाहू नये. पिण्यासाठी रोज वापरल्या जाणाऱ्या उघड्या विहिरीला दर हजार लिटरमागे अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर ही नेहमीची मात्रा आहे; वरच्या उदाहरणातल्या विहिरीला ती सुमारे ७० ग्रॅम होते. बोअरच्या केसिंगचे तोंड जमिनीपासून निदान ३० सेंटिमीटर वर आणि घट्ट बंद असावे. फवारणीच्या पिंपात नळी बुडवून पाणी भरू नये; पंप बंद पडला तर पिंपातले औषध उलट ओढले जाऊन विहिरीत जाते. एका वहीत तपासण्या, दुरुस्त्या आणि पाण्याच्या पातळ्या तारखेसह लिहून ठेवाव्यात. घर विकायच्या वेळी ही वही कोणत्याही एका अहवालाहून जास्त बोलते.

प्रश्न : विहीर आमची आणि शेजाऱ्यांची सामाईक आहे. विक्रीच्या वेळी काय पाहावे?

उत्तर : तोंडी समजूत माणसे बदलली की बदलते, म्हणून ती विक्रीपूर्वी लेखी करावी आणि आपल्याकडच्या कायद्यानुसार नोंदवावी. पाण्याची वाटणी, विजेचा व दुरुस्तीचा खर्च, पाइप ज्या जमिनीतून जातो तिथे जाण्याचा हक्क, टंचाईत कोणी किती उपसावे आणि तपासणीत दोष निघाला तर खर्च कोणी करावा, हे सगळे कागदावर असावे. हक्क माणसाचा नसून घराचा आहे आणि तो पुढच्या मालकाकडे जाईल, हे वाक्य त्यात असल्याची वकिलाकडून खात्री करून घ्यावी.

प्रश्न : घेतलेल्या घराच्या आवारात एक बंद पडलेली जुनी बोअर आहे. ती तशीच राहू दिली तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. उघड्या बोअरमध्ये लहान मूल पडण्याचा धोका असतो, आणि पावसाचे घाण पाणी त्यातून कुठेही न गाळता थेट खोलवरच्या भूजलात उतरते. म्हणजे शेजारची चालू विहीरही त्यामुळे बिघडू शकते. वर फरशी ठेवून किंवा कचऱ्याने भरून ती बंद झाली असे मानू नये. आतला पंप, पाइप आणि दोर बाहेर काढावेत, पाणी निर्जंतुक करावे आणि सिमेंटचे पातळ मिश्रण किंवा बेंटोनाइट माती नळीने तळापासून वर भरत आणावी. वरून ओतल्यास मध्येच पोकळी राहते. काम त्यातल्या जाणकाराकडून करून घ्यावे, बुजवलेली जागा घराच्या नकाशावर दोन भिंतींपासूनच्या अंतरांसह दाखवावी आणि तो नकाशा घराच्या कागदपत्रांना जोडावा.